धाकटीचं माप

थोरलीने सकाळभर खपून आखलेल्या पडद्याच्या कापडावर धाकटीने खुशाल नकाशा पसरला आणि तो उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर कात्री ठेवली, दुसऱ्यावर खडूची डबी. विचारलंसुद्धा नाही. लग्न ठरल्यापासून तिला कसला धरबंध म्हणून राहिला नव्हता. उठल्यावर पाव तास आरशासमोर, मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणणं, आणि फोन वाजला की गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हातातलं काज तसंच टाकून मागच्या खोलीत. छप्पन्न वर्षांच्या बाईने! लग्न कर, कोण नको म्हणतंय? पण वयाला शोभेल असं करावं. सकाळी सह्या कराव्यात, दुपारी कामाला लागावं. तर नाही. बाईसाहेबांना हनीमून हवा होता.

"हे बघ ताई," धाकटी नकाशावर बोट फिरवत म्हणाली, "पहिले चार दिवस जंगल. मग गाडीने असं खाली यायचं, द्राक्षांच्या मळ्यांत तीन दिवस. आणि शेवटी हा सगळा किनारा."

"वाघ बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? मी आहे की इथे."

मशीनवर बसलेली थोरलीची सून खुदकन हसली आणि लगेच खाली बघून सुईत दोरा ओवायला लागली. दोरा ओवलेलाच होता.

"वाघ नसतात तिकडे. सिंह असतात. हत्ती, जिराफ."

"जिराफ तर रोज संध्याकाळी इथेच येऊन बसतो. त्या स्टुलावर."

आता सुनेला आवरेना. धाकटीचा होणारा नवरा घड्याळं दुरुस्त करणारा होता, दोन गल्ल्या पलीकडे त्याचं टीचभर दुकान होतं, आणि त्याची मान खरोखरच सदऱ्याच्या कॉलरमधून जरा जास्तच वर यायची. धाकटीही हसली. तिला राग येत नाही हेच थोरलीला सोसत नव्हतं.

"आणि मळ्यांत काय? दारू पीत फिरणार?"

"वाइन गं. घोटभर तोंडात घ्यायची, चव बघायची आणि थुंकायची."

"थुंकायला विमानाचं तिकीट!"

"आम्ही जाऊ तेव्हा वेलींवर द्राक्षंही नसतील," धाकटी म्हणाली. "आधीच तोडून होतात. पण पाणी आटल्याशिवाय जनावरं पाणवठ्यावर येत नाहीत. दोन्ही एका वेळी जमत नाही. तर हे म्हणाले, तुला काय हवं ते तू ठरव. मी म्हटलं, जनावरं."

थोरलीने नकाशाखालून पडद्याचं कापड ओढून घेतलं. खडूची डबी गडगडत खाली गेली. कुणी उचलली नाही.

तुला काय हवं ते तू ठरव. संध्याकाळपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यात मशीनच्या चाकासारखं फिरत राहिलं. तिचं लग्न झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिला शिलाई मशीन आणून दिलं होतं आणि तिने ते आनंदाने पुसून खिडकीपाशी ठेवलं होतं. झाला हनीमून. नवरा वाईट नव्हता. नऊ वर्षांपूर्वी गेला, तोवर त्याने तिचा शब्द खाली पडू दिला नाही. पण तुला काय हवं, असं त्याने विचारल्याचं तिला काही केल्या आठवेना. तिनेच विचारायला उसंत दिली नसेल. ती आधीच सांगून मोकळी व्हायची.

या जिराफाचं सगळं सुरू झालं तेही असल्याच एका प्रश्नावरून. धाकटीने ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की सुनेलाही पाठ झाली होती. मनगटावरच्या घड्याळाचा सेल बदलायला धाकटी त्याच्या दुकानात गेली. घड्याळ थोरलीनेच दिलेलं, चांगलं धातूच्या पट्ट्याचं. त्याने सेल बदलला, घड्याळ परत तिच्या हातात घातलं, ते घसरून पार कोपराकडे गेलेलं बघितलं आणि विचारलं, "सैल होतं का?" ती म्हणाली, "हो, सैल होतं." त्याने पट्ट्यातल्या दोन कड्या काढल्या आणि पैसे घेतले नाहीत. एवढंच. एवढ्यावर बाई विरघळली. दोन कड्या काढणाऱ्याच्या मागे निघाली दुसऱ्या खंडात, आणि परत आल्यावर राहणार त्याच्या दुकानावरच्या खोलीत. आई गेल्यावर चोविसाव्या वर्षी चार महिन्यांसाठी म्हणून बहिणीकडे आलेली मुलगी, बत्तीस वर्षं मागच्या खोलीत राहिली. तिच्या खोलीत आता कापडाचे तागे ठेवता येतील, असं थोरली सगळ्यांना सांगत होती. दिवसातून दोनदा तरी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सामानाची गोष्ट निघाली. जंगलात नेणारं विमान अगदीच चिमुकलं होतं, त्यात चाकांची पेटी चालत नाही, मऊ पिशवीच लागते. ती पिशवी सून जाड कॅनव्हासची शिवत होती. कपडेही तिथे भडक चालत नाहीत, पांढरे नाहीत, गडद निळे तर मुळीच नाहीत, त्यावर चावऱ्या माश्या येतात. मातकट रंगच हवेत.

"नवी नवरी धुळीच्या रंगात," थोरली म्हणाली. "छान. आण कापड, उद्या कापते. चार जोड पुरे ना?"

धाकटीने सुनेसमोरचा कॅनव्हास उगाच सरळ केला.

"ते कपडे मी पुलाजवळच्या दुकानात टाकावेत म्हणते."

मशीन थांबलं. थोरलीच्या हातातली टाचणी कापडात अर्धीच राहिली.

"का?"

"तुला पडद्यांचं काम आहे. उगाच तुझ्यावर भार..."

"भार? बत्तीस वर्षं तुझ्या अंगावर माझ्या हातचंच आहे. कधी ट्रायल लागली? आणि आता पुलाजवळची ती, जिला साधा गळा नीट वळवता येत नाही, ती कापणार तुला? हे त्याने सांगितलं ना?"

"त्यांचं काय यात? ताई, राहू दे. नंतर बोलू."

नंतर बोलू म्हणणाऱ्या माणसाला बोलायचं नसतं, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीला कधीच ट्रायल लागत नाही, ही त्या दुकानाची जाहिरातच होती. गिऱ्हाइकाने कुरकुर केली की थोरली धाकटीला हाक मारायची, गर्रकन फिरवून दाखवायची आणि म्हणायची, "बघा. एकदा माप घेतलंय, त्यावर बत्तीस वर्षं कापतेय. अंगाला चिकटून बसतं की नाही?" आणि खरंच बसायचं.

ते माप भिंतीवर होतं. थोरलीचं अक्षरांशी कधी जमलं नाही. शाळेची दोन वर्षं तिने खिडकीबाहेर बघण्यात घालवली. त्यामुळे वहीत मापं लिहिण्याऐवजी प्रत्येक गिऱ्हाइकाची एक कापडी पट्टी तिने केली होती. छातीला एक खाच, कमरेला दोन, खांद्याला तिरकी. पट्टी कुणाची ते टोकाला बांधलेल्या दोऱ्याच्या रंगावरून कळायचं. धाकटीचा दोरा हिरवा.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर धाकटी प्रवासाच्या कागदांसाठी फोटो काढायला जिराफाबरोबर बाहेर गेली आणि थोरली मागच्या खोलीत शिरली. तिची खात्री होती की पुलाजवळच्या बाईचे दोन-चार कपडे कपाटात आधीच लपवलेले सापडणार. एरवी दुकान बदलायची बुद्धी एकाएकी कशी सुचेल? तिने झगे एकेक करून काढले. सगळे तिनेच शिवलेले. चोरीचं काही मिळेना म्हणून ती अधिकच चिडली आणि तिने करड्या रंगाचा एक झगा उलटा केला, आतून बघायला.

तिच्या शिवणीच्या आत, दोन बोटं सोडून, दुसरी शिवण होती.

बारीक हातटीप. दोन्ही कुशींना, खांद्याला, कमरेला. तिने दुसरा झगा उलटा केला, तिसरा, मग पलंगावर ढीग घालून सगळेच. प्रत्येकात ती दुसरी शिवण. करतेस काय ते कळलं, असं ती पुलाजवळच्या बाईला उद्देशून मोठ्याने म्हणालीसुद्धा. पण म्हणता म्हणता तिची नजर टाक्यावर गेली. पुढे दोन, मागे एक, आणि शेवटाला गाठ आतून. तो टाका तिने स्वतः शिकवला होता, धाकटी आली त्या पहिल्या महिन्यात. काही झग्यांतला दोरा विटून पिवळा झाला होता. तो दोरा बनवणारा कारखाना बंद पडूनच वीस वर्षं झाली असतील.

ती झग्यांचा ढीग उचलून पुढे दुकानात आली आणि तो तिने टेबलावर टाकला. सून काही विचारणार होती, पण सासूचा चेहरा बघून तिने तोंड मिटलं. थोरलीने हिरव्या दोऱ्याची पट्टी खिळ्यावरून काढली. मग स्वतःच्या खिळ्यावरच्या सगळ्या पट्ट्या काढल्या. अंग सुटत गेलं तशा तिने नव्या केल्या होत्या, पण जुनी एकही टाकली नव्हती. सगळ्यात खालची घेतली आणि टेबलावर हिरव्या पट्टीशेजारी ठेवली.

खाचेला खाच. दोन्ही पट्ट्या एकच होत्या.

मग तिला आठवलं. धाकटी आली तेव्हा कामाची झुंबड होती. अंगात तापही होता. तू माझ्याच बांध्याची, असं म्हणून तिने स्वतःची पट्टी खाली ठेवली होती आणि तिच्यावरून कात्री चालवली होती. धाकटी टेबलापलीकडे उभी होती. हात लांब केला असता तर टेप पोचली असती.

धाकटी परत आली ती हसत, हातात फोटोंचं पाकीट घेऊन. टेबलावर उलटे केलेले झगे तिने बघितले.

"माझं कपाट उघडलंस?"

"उघडलं. कुलूप लावायचं होतंस."

"आई, मी जरा बॉबिन घेऊन येते," सून म्हणाली आणि चप्पल पायात नीट न घालताच निघून गेली. बॉबिनची पेटी तिच्या मशीनवरच होती.

"सगळेच?" थोरलीने विचारलं.

"सगळे नाही. मागे एक निळा होता, तो बरोबर बसला होता."

"तो धुण्यात आटला होता." थोरलीने करडा झगा उचलून परत ठेवला. "सांगायला काय झालं होतं तुला?"

"पहिला तू तापात शिवलास. आणि दुसऱ्या दिवशी येईल त्याला सांगत होतीस, हिला ट्रायलसुद्धा लागली नाही. कशी सांगणार?"

"मग दुसऱ्या वेळी सांगायचंस."

"मग तू पहिल्याचं विचारलं असतंस."

थोरली पट्ट्यांवरून हात फिरवत राहिली. बाहेरून कुणीतरी दाराशी येऊन आत डोकावलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तसंच परत गेलं.

"आणि त्याला सांगितलंस," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा चढला नाही. "ओळख ना पाळख, पहिल्या दिवशी. दहा मिनिटांत. सैल होतं म्हणून."

"त्यांनी विचारलं, ताई."

धाकटी हे भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर थोरलीकडे उत्तर होतं. एक का, दहा होती. पण ती नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं, आणि झग्यांच्या घड्या घालायला लागली.

थोरलीने गळ्यातली टेप काढली.

"ते ठेव. इकडे ये. उजेडात उभी राहा."

"ताई, पुलाजवळची..."

"हात वर कर."

धाकटीने हात वर केले. थोरलीने तिच्या पाठीमागून टेप घेतली आणि पुढे आणली, आणि तेवढं करायला तिला बहिणीला जवळजवळ कवेतच घ्यावं लागलं. केवढीशी होती ती. खांद्याचं हाड बोटाला लागत होतं. कंबर टेपमध्ये इतकी कमी भरली की थोरलीच्या मनात असूयेची एक शुद्ध, तरुण कळ उठली. छप्पन्नाव्या वर्षी असली कंबर, आणि ती बत्तीस वर्षं माझ्या मापात झाकलेली. आणि बघणार कोण, तर तो. तिने टेप काढून पुन्हा लावली. आकडा बदलला नाही. नव्या पट्टीवर तिने खाचा पाडल्या, एक, मग दोन, मग तिरकी. एक खाच जराशी सरकली, तेव्हा ती पट्टी तिने फेकून दिली आणि दुसरी घेतली.

"झालं?" धाकटीने विचारलं. तिचे हात अजून वरच होते.

"खाली कर. शनिवारी ट्रायलला यायचं. आणि टोचलं तर टोचलं म्हणायचं."

"बरं."

"बरं नको. म्हणायचं."

"म्हणेन. रागावलीस?"

थोरलीने टेपची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. मग तिने धाकटीकडे नीट बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, वरपासून खालपर्यंत.

"सगळे म्हणतात, थोरलीच्या नाकावर माशी बसत नाही आणि धाकटी बिचारी गरीब गाय," ती म्हणाली. "मीही तेच धरून चालले. पण तू गरीब नाहीस. मी चुकले ते सगळ्या जगाला दाखवत बसले, आणि तू दार लावून माझी चूक दुरुस्त करत बसलीस, एकदा नाही, बत्तीस वर्षं. त्याला चांगुलपणा म्हणत नाहीत बाई. तोरा म्हणतात. आणि तोऱ्यात तू माझ्यापेक्षा कितीतरी मोठी निघालीस."