पांढरी कार्डं, पिवळी कार्डं

म्हातारीने खोक्यावर कोपर टेकून विचारलं,

"हात धुतलेत का?"

"धुतले, काकू."

तिच्या नवऱ्याचा हा शिष्य आता स्वतः प्राध्यापक होता, केस पिकले होते. पण या घरात हात धुतल्याशिवाय कार्डाला शिवायची सोय नव्हती.

तिच्या वारलेल्या नवऱ्याने चाळीस वर्षं इराणच्या जुन्या भाषांचा कोश रचला. शब्दाला एक कार्ड. तिची शाळा दुसरीतच सुटलेली, तरी कार्डं लावायची रीत तिची. शब्दाच्या बहिणी पांढऱ्यावर, शेजारणी पिवळ्यावर. 'अस्प' म्हणजे घोडा. संस्कृतातला 'अश्व' त्याच्याच रक्ताचा, म्हणून पांढरा. शेजारच्या भाषेने नुसता उचलून नेलेला शब्द पिवळा.

"कोश छापणाऱ्या समितीची अट आहे," शिष्य म्हणाला. "सगळी कार्डं सरांच्या हातची असतील, तर कोशावर एकट्या त्यांचं नाव. नाहीतर पुढे 'आणि इतर'."

"इतर कोण? ती समिती? चाळीस वर्षं कुठं झोपली होती मेली?"

दारात उभी असलेली सून फिस्सकन हसली. शिष्य हसला नाही. शेवटच्या खोक्यातलं कार्ड त्याने खिडकीपाशी धरलं.

"ही लिपी उजवीकडून लिहितात, काकू. टाक बुडवला की पहिलं अक्षर गडद उमटतं. सरांची कार्डं उजवीकडे गडद आहेत. ही शेवटच्या तीन वर्षांची मात्र डावीकडे."

म्हातारीने पदर सारखा केला. त्या तीन वर्षांत नवऱ्याला दिवा लावलाय की नाही, हेही दिसत नव्हतं. डोळे होते तोवर त्यांनी लिहिलेल्या कच्च्या चिठ्ठ्यांवरून ती पक्कं कार्ड उतरवायची, भरतकामाचा नमुना उतरवावा तसं. कुणाला कळू देऊ नकोस, एवढंच ते म्हणाले होते.

"म्हातारपणी माणूस कुठूनही सुरू करतो," ती म्हणाली.

शिष्याने खोक्यांची पावती आणि पेन पुढे केलं.

"बरं. इथं सही करा."

सही हा तिचा तोरा. अंगठा उठवणाऱ्या बायकांना तिने जन्मभर नाकं मुरडली होती. तिने पेन उचललं. त्याची नजर हातावर आहे हे दिसलं, तसं खाली ठेवलं.

"मला कुठं येते सही? अंगठा घ्या."

सुनेने तोंड उघडलं. सासूने नुसतं पाहिलं, ते मिटलं.

शिक्क्यासाठी आणलेलं शाईचं पॅड शिष्याने उघडलं. अंगठा टेकवायला त्याने तिचा हात धरला, तेव्हा त्याचं बोट तिच्या मधल्या बोटावरच्या घट्ट्याशी थांबलं. टाकाने पडलेला घट्टा. म्हातारी भिंतीकडे बघत राहिली.

त्याने अंगठा उठवून घेतला. मग समितीला द्यायच्या कागदावर सावकाश लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं: सर्व कार्डं सरांच्याच हातची आहेत.

खोकी उचलण्याआधी तो पुन्हा एकदा हात धुऊन आला.