शोभेची बटणं

शिवणवाल्या मावशींची टीप शोधून सापडायची नाही, असा त्यांचा हात. आणि गंमत बघा, त्या हातानंच घात केला.

लेक तिशीचा. स्नायूंच्या आजारानं बोटं पार कामातून गेलेली, तरी पठ्ठ्या दिवसभर कानाला फोन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करायचा. सरकारी आरोग्य विम्यातून फिजिओथेरपी मिळत होती, म्हणून मनगट तरी वळत होतं. ती थांबली तर तेही जाईल, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

रोज सकाळी आईकडून बटणं लावून घ्यायची त्याला लाज वाटे. म्हणून मावशींनी युक्ती केली. आतून वेल्क्रोची पट्टी, वरून नुसती शोभेची बटणं. मनगटानं दाबलं की शर्ट बंद. बघणाऱ्याच्या बापाला कळू नये!

विम्याच्या फेरतपासणीला तोच शर्ट घातला. चार लोकांत जायचं तर नीटनेटकं नको? तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, कपडे कोण घालतं.

"माझे मीच," तो ऐटीत म्हणाला.

मावशींचा ऊर भरून आला. मनातल्या मनात त्यांनी त्याला शाबासकीही दिली. कसली शाबासकी आणि कसलं काय!

बाईंनी बटणांकडे पाहिलं, संगणकावर काहीतरी टिपलं आणि म्हणाल्या, "बटणं लावता येतात म्हणजे बोटं सुधारलीत. थेरपी आता विम्यात बसणार नाही."

मावशींच्या पायाखालची जमीनच सरकली. बटणं खोटी आहेत म्हणून त्या परोपरीनं सांगू लागल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, नकार आला की सगळे असंच काहीतरी सांगतात.

तेव्हा मावशी उठल्या, लेकाचा शर्ट गळ्याशी धरला आणि ओढला. चर्रकन तो पोटापर्यंत उघडला. बरगड्या, छातीवरचा ऑपरेशनचा व्रण, सगळं रांगेतल्या परक्या माणसांसमोर. सख्ख्या बहिणीपुढेही कधी उघडा न बसलेला तो मुलगा. आपण हे काय केलं, असं मावशींच्या मनात आलं, तरी त्यांनी शर्ट सोडला नाही.

"बघा," त्या म्हणाल्या. "एक तरी काज आहे का यात?"

बाईंचा चेहरा पडला. तरी नियम तो नियम. त्यांनी स्वतःचा कोट पुढे सरकवला, याचं बटण लावून दाखवा म्हणाल्या. त्यानं प्रयत्न केला. बोटं घसरत राहिली, कपाळावर घाम आला, आणि सगळी रांग बघत राहिली. शेवटी बाईंनीच कोट मागे घेतला. थेरपी चालू राहील म्हणाल्या.

जिना उतरून बाहेर येताच मावशींना रडू फुटलं. डोळे पुसत त्या त्याचा शर्ट लावायला वाकल्या, तसा तो मागे सरला.

"राहू दे, आई. फाटकापर्यंत उघडाच राहू दे. वरच्या खिडकीतून त्यांच्यातलं कोणी बघत असेल."