भरल्या बॉयलरवरचे ठोके

हातोड्याचे ठोके सगळे एकसारखे येत होते, आणि म्हणूनच लोविना कपडे वाळत घालता घालता थांबली.

कडेवर सात महिन्यांचं पोर, हातात पिळलेली चादर. कुंपणापलीकडे रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीचं जुनं इंजिन नव्याने बांधून उभं होतं. आठ बुटकी चाकं तीच. बॉयलरच्या पाठीवरची ड्रायव्हरची खोली मात्र आता मागे बसवलेली. बॉयलरच्या पोटातल्या भट्टीची एक बाजू नव्या पत्र्यांची, दुसरी जुनी, वीस वर्षांपूर्वीच्या बोल्टांनी आवळलेली. ते बोल्ट तुटले तर वाफेच्या दाबाने बॉयलरच फुटायचा. दुपारी ते चढावर न्यायचं होतं एझ्राने, तिच्या नवऱ्याने.

तिचे वडील बॉयलर बांधायचे. फुटका बोल्ट ठोकला की बद्द वाजतो, पण बॉयलर गार पाण्याने भरलेला असेल तर धड नि फुटका बोल्ट एकाच आवाजात बोलतात, हे तिने जेवणाच्या टेबलावर शंभरदा ऐकलं होतं. आणि पाण्याचा पाइप तर तिने सकाळीच इंजिनाला लागलेला पाहिला होता.

चादर तशीच टाकून ती कारखान्याकडे निघाली.

"काय गं लोविना, नवऱ्याचा डबा राहिला वाटतं?" फोरमन स्ट्रंकने विचारलं.

"पाणी भरून मग ठोकलंत ना, काका?"

"बाप गेला, पण हातोडा लेकीच्या तोंडात ठेवून गेला," तो म्हणाला. माणसं हसली.

इंजिनाशी उभ्या एझ्राचे कान लाल झाले. "घरी जा. चारचौघांत काय हे?"

"विस्तव पेटलाय, पोरी," स्ट्रंक म्हणाला. "आता बॉयलर रिकामा केला तर दिवस गेला."

"रिकामा नका करू. थोडी वाफ चढू द्या. दाबाने फुटक्या बोल्टांची तोंडं फाकतील, मग ठोका. सगळे खणखणीत वाजले तर मी जाते, पुन्हा इथे पाय ठेवणार नाही."

"पोराला तरी लांब ने," एझ्रा पुटपुटला.

ती दारापर्यंत मागे सरली, पण बाहेर गेली नाही.

स्ट्रंकने वाफ चढू दिली. दाबाचा काटा पन्नासवर आला. स्ट्रंकने स्वतः हातोडा घेतला. टण. टण. टण. थप.

तो थांबला. शेजारचा ठोकला. थप. खालचा. थप. खडूने फुल्या मारता मारता एका रांगेत सात झाल्या, तेव्हा त्याने हातोडा खाली ठेवला.

"विस्तव बाहेर ओढा," तो हळूच म्हणाला. "चढावरच्या स्टेशनला निरोप धाडा, आज गाडी येत नाही."

एझ्रा तिच्याकडे न बघता भट्टीच्या दाराशी वाकला. पोर रडायला लागलं. लोविनाने त्याला थोपटलं, पण नजर काट्यावरून हलवली नाही. तो शून्यावर टेकेपर्यंत ती तिथून निघणार नव्हती.