आधी कोट घालून ये

माझा दादा नट आहे. म्हणजे होता होता राहिलेला. मधुमेहावरच्या कसल्याशा पावडरीच्या जाहिरातीत त्याला एकदाचं काम मिळालं. पांढरा कोट घालायचा, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायचा, एका म्हातारीचा हात हातात घ्यायचा आणि हसायचं. खऱ्या गोळ्या दाखवताना अंधार आणि रडकं संगीत, पावडरीच्या डब्यावर मात्र कोवळं ऊन. शिसारी येते मला!

"मी कुठे खोटं बोललो? मी तर तोंडच उघडलं नाही," हे वर मलाच ऐकवतो.

बाबा जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होते. मुलगा डॉक्टर व्हावा म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं आणि दादाने परीक्षेत दिवे लावले. कंपनीचा कोट त्याला आखूड झाला, तेव्हा बाबांनी स्वतःचा जुना कोट काढून त्याला कडक इस्त्री करून दिली. जाहिरात टीव्हीवर आली आणि बाबांनी स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करून तीच पावडर सुरू केली.

"बाबा, अहो तो आपला दादा आहे! त्याला साधा थर्मामीटर वाचता येत नाही."

"माहीत आहे गं. पण कसा शोभतो बघ."

बाबांच्या पायाला झालेली जखम चिघळली, तशी आज त्यांना बळेच इस्पितळात आणलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अंगात कोट नाही, कुर्ता चुरगळलेला, डोळे जागरणाने लाल. त्यांनी खाली बसून पट्टी सोडली. त्या वासाने मी तोंड फिरवलं, त्यांनी नाही.

"आजच ऑपरेशन केलं तर पाय वाचेल. इथे सही करा, आजोबा."

बाबांनी पाय ओढून घेतला. "ही कसली डॉक्टर? माझ्या मुलाला विचारा."

दादा दाराशी मान खाली घालून उभा होता. मी त्याला पुढे ढकललं. "आता तरी तोंड उघड!"

"बाबा, मी डॉक्टर नाही हो. त्या सांगतात ते ऐका."

बाबांनी त्याच्या रंगीत शर्टाकडे पाहिलं. "आधी कोट घालून ये. मग बोल."

डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत होत्या. खुंटीवर कुणाचा तरी कोट होता. मी तो ओढला आणि दादाच्या अंगावर चढवला. बटणंही मीच लावली.

"सही करा, बाबा," दादा म्हणाला.

बाबांनी त्याला डोळे भरून पाहिलं आणि लगेच सही केली.