हं, पुढं?

या, अशा जवळ सरकून बसा. एका सुनेची आणि तिच्या सासूबाईंची गोष्ट सांगायची आहे. हुंकार मात्र देत राहा. हुंकाराविना कथा पांगळी.

लोखंडाला गंज कसा चढतो, यावर सुनेचं संशोधन चाललं होतं. सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि ते अर्ध्यावर राहिलं. माउलीच्या जिवाला ते लागलं. "माझ्यापायी तुझी विद्या गंजायला नको. ते तुझं रोज मला वाचून दाखव," त्या म्हणाल्या.

मग दूध पाजून, तोंड पुसून झालं की सून उशाशी बसायची, नवे शोधनिबंध वाचायची, सोपं करून सांगायची. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून मोठ्यानं. ती थांबली की त्या म्हणायच्या, "हं, पुढं?" कधी म्हणायच्या, "तुझं लोखंड राहू दे गं, आधी माझ्या गुडघ्यांचं बघ." पण सगळं ऐकल्याशिवाय डोळा मिटायच्या नाहीत.

अशात सरकारी प्रयोगशाळेत संशोधनाच्या जागा निघाल्या, घरच्या जबाबदारीपायी काम सुटलेल्या बायकांसाठी. वयाची अट होती. यंदा नाही तर कधीच नाही.

"अर्ज कर," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुम्हाला कोण बघेल, आई?"

"बघणारा वर बसलाय. तू तुझं बघ."

मुलाखतीचं बोलावणं आलं, तोवर त्या बघणाऱ्यानं त्यांना नेलं होतं.

लांब टेबलापलीकडे दोन शास्त्रज्ञ आणि कडेला एक वयस्क बाई, त्याही शास्त्रज्ञच, हनुवटी हातावर टेकून बसलेल्या. "इतक्या वर्षांत उपकरणाला हात नाही. या विषयात सध्या काय चाललंय, सांगाल?" एकानं विचारलं.

सून सांगू लागली.

"बाई, आम्हाला ऐकू येतं हो," दुसरे हसून म्हणाले.

तिनं आवाज उतरवला. लोखंडावरच्या रंगाच्या थराला पडणाऱ्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रापर्यंत आली आणि सवयीनं थांबली. वाट बघत राहिली. कुणी काही बोललं नाही. पुढचं सगळं ओठांवर होतं, पण पाऊल उचलेना. सासूबाई गेल्या, हे तिला खरं कळलं ते त्या शांततेत.

एकानं पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. या तुम्ही."

ती खुर्चीला धरून उठली.

"थांबा जरा," कडेच्या बाई म्हणाल्या. त्यांचा हात हनुवटीवरून खाली आला होता. "छिद्रातून पाणी आत शिरलं. हं, पुढं?"

सून पुन्हा बसली. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेही नाहीत. पुढचं सगळं सांगितलं, शेवटापर्यंत.

तिला जागा मिळाली. आता मिठाच्या पाण्यात लोखंडाच्या पट्ट्या बुडवते, आकडे हलक्या आवाजात वाचते आणि मध्येच क्षणभर थांबते.

तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सासूबाईंची आठवण असू द्या. सून वाचायची त्यातलं त्यांना फारसं काही कळत नव्हतं, तरी त्या ऐकत राहिल्या.