बारवेचं प्रमाण

या, असे पुढं सरका. मंडपात मागं बसणाऱ्याला निम्मंच कीर्तन ऐकू येतं, आणि ही गोष्ट निम्मी ऐकून भागायची नाही. अणदूरजवळ हमरस्ता सोडून आत वळलं की एक गाव लागतं, त्या गावच्या शाळेची ही गोष्ट. पाल्हाळ लावला तर खुशाल टाळी वाजवून थांबवा.

त्या शाळेत महादेवी बाई ग्रंथपाल होत्या. एकतीस वर्षांची नोकरी, आणि येत्या मे महिन्यात निवृत्ती. कपाळावर विभूती, कमरेला कपाटांच्या किल्ल्या आणि पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असलं की पहिल्या रांगेत बैठक. कीर्तनातली एक गोष्ट बाईंना भारी आवडायची. कीर्तनकार एखादी गोष्ट सांगतो आणि क्षणभर थांबतो. लगेच मागचे टाळकरी संतांचा चरण उचलतात. ते प्रमाण. प्रमाण नसेल तर कीर्तनकार कितीही मोठा असो, त्याचं बोलणं वाऱ्यावर.

तीन वर्षांपूर्वी इतिहासाचे उत्तरेश्वर सर वाचनालयात येऊन वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटत म्हणाले होते, "बाई, चाळीस पोरांचा एकच निबंध! गाईडमधली चूकसुद्धा चाळीस जणांनी उतरवली."

"सर, तुमचा तास आन् माझी खोली एकत्र करू," बाई म्हणाल्या. "प्रश्न तुम्ही आणा. उत्तर कुठं कुठं दडलंय ते पोरांना म्या दाखवते. उत्तर मात्र दोघांनीबी सांगायचं न्हाय."

तेव्हापासून गुरुवारचे शेवटचे दोन तास वाचनालयात भरू लागले. वहीच्या पानाला उजवीकडं दोन बोटं समास, त्याच्या डोक्यावर लिहायचं 'प्रमाण'. प्रत्येक वाक्यासमोर तिथं नोंद हवी: कोणतं पुस्तक, कितवं पान, नाहीतर कोणी सांगितलं आणि त्याला कसं ठाऊक. 'लोक म्हणतात' चालणार नाही. पोरं एकमेकांना घरीदारी "कशावरून?" विचारू लागली. सर थट्टा करायचे, "बाई, ही शाळा हाय का मंडप?"

"मंडपच. तुम्ही फक्त टाळ धरा."

यंदा सरांनी नववीला प्रश्न दिला: आपल्या गावची बारव कोणी बांधली? प्रश्न सोपा वाटला, कारण उत्तर गावाला पाठ होतं. शाळा समितीचे अध्यक्ष रणधीरराव, त्यांच्या पणजोबांनी बांधली. महाशिवरात्रीला बारवेतून पहिला कलश भरण्याचा मान त्यांच्याच घराचा. यंदा तर त्यांनी बारवेवर लावायला धाराशिवहून संगमरवरी फलक कोरून आणला होता. पणजोबांचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात: 'संदर्भ: शाळेची स्मरणिका'.

दुसऱ्या गुरुवारी गुंडप्पा दुकानदाराची नात शिवलीला ती स्मरणिका घेऊन बाईंच्या टेबलाशी उभी राहिली.

"बाई, बारवेचं पान तुम्हीच लिवलंय न्हवं?"

"व्हय. वीस वर्षं झाली."

"कशावरून लिवलं?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

बाईंना आठवलं. तेव्हाचे अध्यक्ष, म्हणजे रणधीररावांचे वडील, चहा पिता पिता बोलले होते आणि बाईंनी ते उतरवलं होतं. 'असं म्हणतात' एवढंही लिहिलं नव्हतं. गावात कुठलाही वाद 'बाईंनी लिहिलंय' म्हटलं की मिटायचा. त्या शब्दाची एकतीस वर्षांची पत आता एका पोरीच्या समासात अडकली होती, आणि महाशिवरात्रीला ती दगडात कोरून बारवेवर बसणार होती.

"लोक म्हणत होते, पोरी," बाई हळूच म्हणाल्या.

"'लोक म्हणतात' चालत न्हाय, बाई," शिवलीला तेवढ्याच हळू म्हणाली, आणि घाबरून तिनं जीभ चावली.

बाईंनी तिच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: 'प्रमाण नाही.' मग किल्ल्या कमरेला खोचत उठल्या. "चला. मग कुठं मिळंल ते हुडकू."

सगळा वर्ग बारवेत उतरला. गेल्या उन्हाळ्यात गावानं गाळ काढला होता, त्यामुळं कोनाड्यातली पूजेची शिळा पहिल्यांदाच खालपर्यंत उघडी पडली होती. वरच्या भागावर रोजची विभूती, खाली काळ्या दगडावर पुसट ओरखडे. शिवलीलानं बोटानं चाचपलं. "बाई, समद्या शिळेला विभूती लावू का? खाचंत भरंल."

बाई थबकल्या. देवाचं अंग ते. पण विभूती लावणं म्हणजे पूजाच की! त्यांनी चप्पल वरच्या पायरीवर ठेवली, हात जोडले. "आधी देवाला विचारून घे, मग लाव."

पोरीच्या तळव्याखाली दगड पांढरा झाला. वरची राख तिनं अलगद पुसली आणि खाचांत भरलेली अक्षरं उभी राहिली. गोल गोल, कानडी. बाई घरी कानडी बोलायच्या, पण वाचता येत नव्हतं. जुन्या वळणाचं कानडी वाचणारा गावात एकच माणूस उरला होता. गुंडप्पा काठी टेकत आले, चष्मा कपाळावर ढकलला आणि एकेक शब्द सोडवत गेले. 'शके सतराशे चौऱ्याण्णव. बसलिंगप्पाची लेक रुद्रम्मा हिनं ही बारव बांधली. कोणाची घागर रिकामी परत पाठवू नये.'

पोरांनी गलका केला. उत्तरेश्वर सर मात्र म्हणाले, "थांबा. नातीच्या शोधाला आजोबांचं प्रमाण? उद्या गाव हसंल. दुसरं आणा."

तीन आठवडे पोरं हिंडली. जुने कागद चाळले, म्हातारी माणसं गाठली. शेवटी प्रमाण शाळेतच सापडलं. खिचडी शिजवणाऱ्या कमलबाई तांदूळ निवडत गुणगुणत होत्या. त्यांच्या आईची जात्यावरची ओवी.

"रुद्रम्मा बाईनं गं पायऱ्या बांधिल्या नीट, तान्हेल्या पाखराची झाली पाण्यासंगं भेट..."

"मावशी, ही रुद्रम्मा कोण?" शिवलीला ओरडलीच.

"मला काय म्हाईत? आई म्हणायची, म्हणून म्या म्हणते. आन् ओरडू नगं, खडे राहत्याल तांदळात!"

कमलबाईंना ना शिळा ठाऊक, ना कानडी. सरांनी मान डोलावली. "आता गावासमोर उभं राहता येईल."

महाशिवरात्रीला सकाळी सारं गाव बारवेवर जमलं. पडदा लावलेला फलक भिंतीला टेकवून ठेवला होता. सर म्हणाले, "मी बोलतो, बाई. निवृत्तीच्या तोंडावर तुम्हाला कशाला त्रास?"

"चूक माझी, सर. ती तुम्ही कशी बोलाल?"

महादेवी बाई पायरीवर उभ्या राहिल्या. "फलकाखाली ज्या स्मरणिकेचा दाखला हाय, ते पान म्या लिहिलं. ऐकीव गोष्ट खरी म्हणून लिहिली. ते चुकलं. खरं काय, ते माझी विद्यार्थिनी सांगंल."

शिवलीला सुरुवातीला अडखळली, मग सावरली. शिळा दाखवली, गुंडप्पांनी वाचून दाखवलं. ओवी मात्र कमलबाईंनी खड्या आवाजात म्हटली, आणि बायकांनी दुसऱ्या वेळी ती उचलून धरली, अगदी टाळकऱ्यांनी चरण उचलावा तशी.

रणधीररावांचा चेहरा लाल झाला होता. "मग आमचे पणजोबा काय खोटे?"

"तसं न्हाय, काका," शिवलीला म्हणाली. "त्यांचं प्रमाण मिळालं तर तेबी लिहू. आणा तुम्ही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. रणधीरराव खाली उतरले. विभूती घेऊन शिळेवर स्वतः हात फिरवला. "गुंडप्पा, परत वाचा." गुंडप्पांनी वाचलं. "परत." तिसऱ्यांदा ऐकून ते वर आले.

"घागर रिकामी पाठवू नये म्हणतीया ती रुद्रम्मा," ते म्हणाले. "मग आपण फलक तरी कशाला परत पाठवायचा? उलटा करा. पाठ कोरीच हाय की, तिचं नाव तिथं कोरा. पहिला कलश रुद्रम्माच्या नावानं. उचलणार मात्र मीच, सांगून ठेवतो!"

दुपारी वाचनालयात बाईंनी स्मरणिका उघडली आणि आपल्या पानावर चिठ्ठी डकवली: 'हा मजकूर चुकीचा आहे. प्रमाण: बारवेतील शिळा व कमलबाईंची ओवी. चूक दाखवली: शिवलीला, इयत्ता नववी.' शेवटचं नाव त्यांनी जरा ठसठशीत अक्षरात लिहिलं. सर मागून वाचत होते.

"बाई, स्वतःच्या चुकीची चिठ्ठी लावताना इतकं खूश झालेलं माणूस म्या न्हाय पाहिलं."

"एकतीस वर्षं पुस्तकं दिली, सर. आज पोरीनं मला पावती दिली." बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि कपाट बंद केलं.

एवढीच गोष्ट. आता एक मागणं. बाईंना विसरलात तरी त्या रुसायच्या नाहीत. पण घोटभर गार पाणी प्याल, तेव्हा बसलिंगप्पाच्या लेकीची, रुद्रम्माची, आठवण काढा. आणि कोणी "कशावरून?" विचारलं तर रागावू नका. बारव दाखवा.