नेफेशपर्यंत पाणी

सासरे चर्चचे पाळक होते. पाळक व्हायला आलेल्या मुलांना त्यांनी उभा जन्म हिब्रू शिकवलं. निवृत्त होऊन ते मुलाकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर कपड्यांची एक बॅग आली आणि पुस्तकांचा एक टेम्पो. टेम्पो पाहूनच सुनेने कपाळाला हात लावला. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे पुस्तकांची रवानगी इमारतीच्या तळघरातल्या कोठीत झाली. तेव्हापासून सासऱ्यांचं सुनेशी बोलणं कामापुरतंच राहिलं.

एका दुपारी त्यांना शब्दकोशाचा जाड खंड हवा होता. गुडघे दुखरे, म्हणून सून सोबत उतरली. कोठीचं लोखंडी दार आतल्या बाजूला उघडायचं आणि ओल येऊ नये म्हणून त्याला कडेने रबर बसवलेलं होतं. दार मागे आपोआप लागलं. सासरे गठ्ठे चाळत होते, तेवढ्यात डोक्यावर काहीतरी कडाडलं. छताखालून जाणाऱ्या मोठ्या पाइपाचा सांधा निखळला होता.

पाण्याच्या लोटाने सून भिंतीवर आदळली. उठून तिने दार ओढलं. ते हलेना. आतलं पाणीच त्याला दाबून धरत होतं.

"पप्पा, इकडे या! ओढा!"

दोघांनी जोर लावला आणि मूठच उपटून हातात आली. दिवा लुकलुकला आणि विझला. छतालगतच्या गजाच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. फोन वर चार्जिंगला लावलेला.

पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. तिने सासऱ्यांना कोठीतल्या जुन्या टेबलावर चढवलं, स्वतःही चढली. भिजून फुगलेली पुस्तकं अंगाला घासून जात होती. ती झरोक्याकडे तोंड करून हाका मारत राहिली, पण धबधब्याच्या आवाजात तिची हाक तिलाच ऐकू येईना. हळूहळू पाणी टेबलावरही चढलं, पोटाला लागलं, छातीशी आलं. सासऱ्यांना पोहता येत नव्हतं. त्यांनी तिचा दंड असा धरला होता की बोटं मांसात रुतली.

"पप्पा, प्रार्थना म्हणा ना काहीतरी."

"आठवत नाही," ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "काहीच आठवत नाही गं."

या बोलण्याने तिला पाण्याहून जास्त भीती वाटली. किती मरणाऱ्यांच्या उशाशी हा माणूस शांतपणे बसला होता. आज तोच लहान पोरासारखा थरथरत होता.

मग पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं आणि ते एकदम म्हणाले, "नेफेश."

"काय?"

"हिब्रू शब्द आहे. स्तोत्रात एक माणूस देवाला ओरडून सांगतो, वाचव, पाणी माझ्या नेफेशपर्यंत आलं. मी मुलांना शिकवायचो, नेफेश म्हणजे आत्मा." त्यांनी मान वर ताणून श्वास घेतला. "पण त्याचा जुना अर्थ गळा. गिळणारा, तहानेलेला, श्वास घेणारा गळा. त्यावरून श्वास, त्यावरून जीव, त्यावरून सबंध माणूस. ते मी घाईघाईने सांगून पुढे जायचो."

"म्हणजे आपण म्हणतो तसं? जीव कंठाशी आला?"

त्यांनी तोंडात आलेलं पाणी थुंकलं. मग हसले. 

"तसंच! अगदी तसंच! मला वाटायचं, आत्मा म्हणजे आत कुठेतरी निवांत बसलेलं काहीतरी, त्याला भीती शिवत नाही. पण हा जो घाबरलाय ना, हाच नेफेश. देवाला हाक मारायची ती यानेच."

"मग मारा की, पप्पा! ओरडा!"

ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नव्हता, तो ओरडला. त्यात शब्द नव्हते. गुरं ओरडतात तसा तो आवाज होता. तीही ओरडली. तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, तरी दोघं ओरडत राहिले.

चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू अंघोळ करत होता. अंगाला साबण फासलेला आणि नळ कोरडा. पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडत तो टॉवेलवरच खाली आला आणि झरोक्यातून त्याला ते ओरडणं ऐकू आलं. त्याने आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि मग माणसं गोळा केली. पहारीने चौकटच उखडून दार पाडलं, तेव्हा लोंढ्याबरोबर दोघं जिन्याच्या पायरीपर्यंत वाहत आले. पुस्तकांचा लगदा झाला होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी चर्चमध्ये मंडळीने त्यांना देवाने कसं वाचवलं याची साक्ष द्यायला उभं केलं. देवाने भीती काढून घेतली, असं काहीतरी ऐकायला सगळे सरसावून बसले होते.

"भीती गेली नाही," ते म्हणाले. "आजही आहे. देवाने मला भीतीसकट ऐकलं, एवढंच मी सांगू शकतो." आणि ते खाली बसले. पुढच्या बाकावर कुजबुज झाली.

घरी दोघांचीही तीच गत होती. वरच्या मजल्यावर टाकी भरू लागली की सुनेचे हात कामातच थांबायचे. सासरे अंघोळीला गेले की दाराला कडी लावत नसत. नळ सोडण्याआधी आतून विचारायचे, "आहेस ना गं?"

बाहेर भिंतीला टेकून उभी राहून ती म्हणायची, "आहे, पप्पा. सोडा पाणी."